कोर्स न करता डे-केअरमध्ये ताई म्हणून लागावं का? कामावर खरंच शिकवतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बारावी झाली आहे, वय ३५, धाकटी आता पहिलीत गेली. घराजवळच्या डे-केअरमध्ये शाळा सुटल्यावर येणाऱ्या मुलांसाठी ताई हवी आहे. अनुभव नाही म्हटल्यावर ते चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "कामावरच शिकवू." आता हो म्हणावं की आधी कोर्स करावा?

हो म्हणा. फक्त त्याआधी त्यांना एवढं विचारा, "पहिले दोन-तीन महिने मी कोणाच्या हाताखाली असेन?" उत्तरात एखाद्या ताईचं नाव आलं, तर बिनधास्त जा. "आमच्याकडे सगळ्याच सांभाळून घेतात" असं आलं, तर जरा थांबा. सगळ्या सांभाळून घेतात म्हणजे शिकवणारं कोणीच नाही, हे मी सहा महिने भोगलेलं आहे.

मी डोंबिवलीत २०१३ पासून हे काम करते. पहिल्या ठिकाणी मला दुसऱ्याच दिवशी अठरा मुलं दिली आणि सांगितलं, "सांभाळा." सहा ते अकरा वयाची मुलं, एक हॉल, एक टीव्ही. हॉलमध्ये शांतता असली की मालकीणबाई खूश आणि आवाज वाढला की त्या दारात उभ्या. मी काय शिकणार? मुलांना गप्प बसवायला शिकले. घरी जाऊन स्वतःच्या मुलावरही त्याच आवाजात ओरडायला लागले, तेव्हा काम सोडलं.

दुसऱ्या ठिकाणी एक काकू होत्या. पंचवीसेक वर्षं मुलांतच गेलेली. पहिल्या दिवशी मी हौसेने पुढे झाले, तर त्यांनी मला एक खुर्ची आणि एक दोनशे पानी वही दिली. म्हणाल्या, "आठवडाभर कोणाला काही सांगायचं नाही, कोणाला काही शिकवायचं नाही. बस आणि बघ. जे दिसेल ते लिही, तुला वाटेल ते लिहू नकोस." मला वाटलं, पगार देऊन मला बसवून का ठेवतायत?

चौथ्या दिवशी कळलं. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये डबा ऐसपैस चालला होता. सात वर्षांचा एक मुलगा होता, सगळ्यांत लहान आणि धावायला हळू. त्याच्यावर राज्य आलं ते हटेचना. दोघांना शोधून काढायचा, तिसरा कुठूनतरी येऊन डबा उडवायचा, की पुन्हा त्याच्यावरच राज्य. पाचव्यांदा डबा उडाला तेव्हा त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला. मी उठले. काकूंनी माझं मनगट धरलं. "थांब. दोन मिनिटं."

तेवढ्यात चौथीतली एक मुलगी लपलेल्या जागेवरून बाहेर आली आणि म्हणाली, "ए, याला लिंबूटिंबू करा. राज्य मी घेते." कोणी हरकत घेतली नाही. त्याने बाहीने नाक पुसलं आणि स्कूटरमागे लपायला गेला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मला वाटलं, झालं, धडा संपला, मुलांचं मुलं मिटवतात. पण रात्री मुलं गेल्यावर काकूंनी विचारलं, "लिंबूटिंबू झाल्यावर तो कुठे बघत होता?" मी बघितलंच नव्हतं. "उद्या बघ."

दुसऱ्या दिवशी बघितलं. तो लपत होता, पण कोणी शोधायला येत नव्हतं. लिंबूटिंबूला कशाला शोधायचं? तो स्वतःच डोकं बाहेर काढून वाट बघत होता. मी हे वहीत लिहिलं. काकू वाचून म्हणाल्या, "आता तू शिकायला लागलीस." मग त्यांनी काय केलं, तर डबा ठेवायची जागा बदलली. पार्किंगच्या मधोमध असायचा तो कोपऱ्यात नेला, दोन्ही बाजूंना भिंत. एकाच बाजूने लक्ष ठेवायचं म्हटल्यावर हळू धावणाऱ्यालाही राज्य निभावता येतं. मुलांना काही भाषण नाही, "त्याला खेळायला घ्या" नाही. तीनेक आठवड्यांनी तो आपणहून म्हणाला, "आज माझ्यावर राज्य येऊ दे." तो दिवस मी अजून विसरलेले नाही.

कामावर शिकणं मी याला म्हणते. दिवसभर करायचं, आणि संध्याकाळी जाणत्या माणसाने त्यातली एक गोष्ट उचलून तुम्हाला विचारायची. आमच्याकडे मुलं गेल्यावर पंधरा मिनिटं बसायचं हा नियम होता आणि त्या पंधरा मिनिटांचाही पगार मिळायचा. तुमच्या बाईंना हेही विचारा. नुसतं वर्षानुवर्षं काम करून कोणी शिकत नाही. पहिल्या ठिकाणी दहा वर्षं काढलेल्या ताई होत्या, त्याही माझ्यासारख्याच ओरडायच्या.

कोर्सचं म्हणाल, तर आपल्याकडचे बालवाडीचे, नर्सरीचे बहुतेक कोर्स तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहेत. २०१७ च्या प्रसूती लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं, पण त्यातही विचार आहे तो मुख्यतः तान्ह्या आणि शाळेत न जाणाऱ्या मुलांचा. दुसरीतलं किंवा पाचवीतलं मूल शाळा सुटल्यापासून आईची लोकल येईपर्यंत कुठे असतं, याकडे फारसं कोणाचं लक्ष नाही. कोर्समधून मुलांच्या वाढीचं बरंच कळतं आणि पुढे जमलं तर जरूर करा. पण दहा वर्षांच्या मुलाने दप्तर भिरकावून "मला इथे यायचंच नाही" म्हटलं, तर काय करायचं हे त्यात सापडत नाही.

आणि मुलांमध्ये राहून शिकणं ही कमी प्रतीची गोष्ट आहे, असं मनातही आणू नका. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डी गावात लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा अनुताई वाघ त्यांच्याकडे गेल्या. प्राथमिक शिक्षिका म्हणून अनुभव होता, पण बालशिक्षण त्या शिकल्या ते तिथेच, ताराबाईंच्या सोबत. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, हा अंगणवाडीचा विचार त्याच कामातून निघाला. मोबाइल क्रेशेस या संस्थेने १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामांवरच्या मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरं काढली, पुढे मुंबई-पुण्यातही ते काम आलं. तिथेही कमी शिकलेल्या कितीतरी बायका साइटवरच, मुलं सांभाळता सांभाळता तयार झाल्या.

आता काय शिकावं लागेल ते सांगते. सगळ्यात अवघड असतो तो शाळेतून आल्यानंतरचा पहिला अर्धा-पाऊण तास. मुलं दमलेली, भुकेलेली, सहा तास सूचना ऐकून आलेली असतात. त्यात आपण दारातच सुरू करतो: बूट नीट ठेव, डबा का नाही संपवला, होमवर्क किती आहे? मीही हेच करायचे. काकूंनी ते बंद केलं. आलं की पाणी, हातपाय, खाणं, आणि मग चाळीस मिनिटं त्याला कोणी काही विचारायचं नाही. कोणी पालथं पडून राहील, कोणी खिडकीत बसेल. अभ्यास त्यानंतर. पालक कुरकुर करतात, त्यांना फीमध्ये अभ्यास पूर्ण झालेला हवा असतो. त्यांच्याशी न भांडता हे समजावणं हाही कामाचाच भाग आहे आणि मला तो जमायला दोन वर्षं लागली.

खेळाच्या सामानावर पैसे घालवायची गरज नसते, हेही तिथेच कळलं. काकू इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून फ्रिजचे मोठे खोके मागून आणायच्या. जुन्या चादरी, सुतळी, कपड्यांचे चिमटे, नारळाच्या करवंट्या. एका खोक्याचं दुकान, मग बोट, मग तुरुंग, आणि चौथ्या दिवशी पुठ्ठ्याच्या तलवारी. पुढे मी वाचलं की डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ एम्ड्रुपला १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, असं भंगाराचं मैदानच केलं होतं. बागा-मैदानं आखणाऱ्या सोरेन्सन नावाच्या रचनाकाराच्या लक्षात आलं होतं की आखीव बागेपेक्षा मुलं बांधकामाच्या जागेवर जास्त रमतात. ब्रिटनमध्ये पुढे त्यातूनच मुलांच्या खेळात सोबत करणं हा एक वेगळा पेशा झाला. काकूंनी यातलं काहीही वाचलेलं नव्हतं. त्यांनी मुलांकडे बघितलं होतं.

पण दोन गोष्टी कामावर "अनुभवाने" शिकायच्या नसतात. त्या पहिल्या मुलाला हात लावायच्या आधी यायला हव्यात.

एक, प्रथमोपचार. शक्य असेल तर बाहुलीवर सराव करून घेणारं एक-दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्या, डे-केअरला खर्च द्यायला सांगा. घास अडकला आणि मुलाला खोकता-बोलता येत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच जोरदार थापा, तरी निघाला नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर पोटावर पाच दाब, आत आणि वरच्या दिशेने, आणि पुन्हा थापा. त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन लावायचा. घोळणा फुटला तर डोकं मागे टाकायचं नाही, पुढे झुकवायचं आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा. खेळताना पक्का दात मुळासकट पडला, आणि या वयात पुढचे पक्के दात नुकतेच आलेले असतात, तर मुळाला हात न लावता, एरवी तोंडात दिसतो त्या बाजूने दात उचलायचा, घासायचा नाही, दुधात टाकायचा आणि लगेच दंतवैद्याकडे पळायचं. आमच्याकडे एकदा हे झालं आहे. फ्रिजमधल्या दुधाच्या पिशवीने त्या मुलीचा दात वाचला.

दोन, मुलांची सुरक्षितता. २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा वाचा, मराठीत समजावलेली माहिती मिळते. मुलाच्या बोलण्यातून, वागण्यातून लैंगिक अत्याचाराची शंका आली तर ते पोलिसांना कळवणं हे तुमचं कायदेशीर कर्तव्य आहे, मालकीणबाई "आपण बघू" म्हणाल्या तरी. मूल काही सांगायला लागलं तर "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, खोदून खोदून विचारू नका, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर भिंतीवर, मुलांच्या उंचीवर लावलेला असू द्या. आणि रुजू होताना तुमचं पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं तर वाईट वाटून घेऊ नका. मागितलं नाही तर मात्र ती जागा बरी नाही असं समजा.

पैशांचं. शिकाऊ आहात म्हणून फुकट राबू नका. मला सुरुवातीला साडेचार हजार मिळायचे आणि तेही कमीच होते, पण पहिल्या दिवसापासून मिळायचे. किती मुलांमागे एक ताई, हे आधी विचारा. मोठ्या मुलांसाठी दहा-बारापर्यंत ठीक, त्यापुढे तुम्ही फक्त मोजणी करत राहाल. अजून एक प्रकार मी खूप बघते: शिकवतो म्हणून बायकांना घेतात आणि त्यांना भांडी, झाडलोट, पोळ्या यातच ठेवतात. साफसफाई सगळ्यांनीच करायची असते, मीही करते. पण महिनाभरात तुम्ही मुलांसोबत जमिनीवर बसला नसाल, तर तुम्हाला फसवलं आहे.

एक शेवटचं दृश्य सांगते, कारण ही वेळ तुमच्यावर नक्की येणार. जुलैचा पाऊस, मध्य रेल्वे ठप्प, रात्रीचे पावणेनऊ, आणि हॉलमध्ये एकच मुलगी उरलेली. तिचे डोळे दारावर. मी दर पाच मिनिटांनी म्हणत होते, "आई येईलच हं आता." काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "तुला माहीत आहे का कधी येईल ते? मग सांगू नकोस." त्यांनी तिच्या आईला फोन लावून दिला, आई म्हणाली मी कुर्ल्याला अडकलेय. मग तिच्यापुढे ताट ठेवलं, उद्याच्या उसळीची मटकी निवडायला. खडे एका वाटीत. आम्ही तिघी निवडत बसलो. सव्वादहाला बेल वाजली तेव्हा ती आईला आधी वाटी दाखवायला धावली, सात खडे निघाले होते.

सोमवारपासून जाणार असाल तर ओढणी नको किंवा पिन लावून घ्या, पायात पळता येतील अशा चपला घाला आणि मुलं यायच्या वीस मिनिटं आधी पोहोचा. वही मात्र पहिल्याच दिवशी न्या. त्यांनी दिली नाही तरी.