राणी मारायच्या आधी: पिलाव्यातली रिकामी घरं

दादा, तुम्ही लिहिलंय की शिरोळकडच्या तुमच्या चारही सातेरी (देशी मधमाशीच्या) पेट्या एकाच वसाहतीतून फोडलेल्या आहेत. राणी जोरात अंडी घालते, तरी पिलाव्यात, म्हणजे अंडी-अळ्यांच्या घरांत, चार-पाचात एक घर रिकामं. मग राणी मारायची का? थांबा. मला नात्यातल्या संकराचा संशय जास्त येतोय.

मधमाशीत आपल्यासारखी एक्स-वायची जोडी नसते. राणीनं साठवलेलं बीज लावून अंडं घातलं की ३२ गुणसूत्रांची मादी, न लावता घातलं की १६ गुणसूत्रांचा नर. नराला बाप नसतो, आईकडचा आजोबा मात्र असतो. सिलेसियातल्या यान झिएर्झोन या पाद्र्यानं १८४५ मध्येच सांगितलं होतं की नर बीज न लागलेल्या अंड्यातून होतो.

पण गुणसूत्रांचे दोन संच आले म्हणजे मादी झालीच, असं नाही. खरा निर्णय सीएसडी नावाच्या जनुकाचा. मार्टिन बाये आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ते ओळखलं. त्याची पुष्कळ रूपं आहेत. आईकडून एक आणि बापाकडून वेगळं रूप आलं तरच मादी. दोन्ही सारखी आली तर बीज लागूनही नरच. अशी अळी कामकरी माश्या लहानपणीच खाऊन टाकतात. राणी त्या रिकाम्या घरात पुन्हा अंडं घालते, म्हणून झाकलेल्या घरांच्या मधेच ताजी अंडी दिसतात. तुमच्या चौकटीत तसं आहे का, बघा.

आता हिशोब. राणी भावाशी लागली, तर दोघांचं एक रूप जुळायची शक्यता निम्मी. जुळलं, तर त्या नराच्या बीजाची निम्मी अंडी गेली. म्हणजे सगळेच नर भाऊ असतील तर सरासरी पाव पिलावा जातो. राणी उड्डाणात दहा-पंधरा किंवा जास्त नरांशी लागते, म्हणून आसपास परकी मोहळं असली की नुकसान जाणवत नाही. चारी बाजूला ऊसच असेल तर परके नर येणार कुठून?

माझ्याकडे हेच झालं होतं. दोन राण्या मारल्या, त्यांच्या मुलींचा पिलावाही तसाच विरळ. म्हशींना घरचा रेडा दाखवायचा नाही हे आपल्याला कळतं, पेटीत मात्र विसरतो.

आधी एक खात्री करा. घरात पिशवीसारखी फुगलेली मेलेली अळी असेल तर तो थाई सॅकब्रूड रोग, त्याचा उपाय वेगळा. पावसाळ्यात पराग कमी पडला तरी माश्या पिलावा खातात. दोन्ही नसेल तर भुदरगड, पाटगावकडच्या पाळणाऱ्यांकडून निदान दोन वेगवेगळ्या मोहळांच्या वसाहती आणा आणि त्यांचे नर उडायला लागल्यावरच नव्या राण्या करा. तुमची आत्ताची राणी तोवर राहू दे, अंडी ती चांगली घालतेय.