पहिली मर्यादित आवृत्ती काढतेयस म्हणून

मुलांच्या चित्रकला वर्गासाठी लिनोकट, म्हणजे लिनोच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं, विकणार आहेस, ऐकून फार बरं वाटलं. छापायच्या आधी प्रतींचा आकडा ठरव आणि तो बदलू नकोस. 25 म्हटलंस की 25च. प्रत्येक प्रतीखाली 7/25 (25पैकी सातवी) असा तिचा क्रमांक आणि सही, दोन्ही पेन्सिलीने. शाई फिकी पडू शकते. स्वतःसाठीच्या दोन-तीन प्रतींवर ए/पी (आर्टिस्ट्स प्रूफ, म्हणजे कलाकाराची प्रत) लिही. शेवटची प्रत निघाली की लिनोवर आडवी रेघ कोरून तो रद्द कर, म्हणजे त्यावरून आणखी प्रती निघणार नाहीत. हात थरथरेल, माझाही थरथरला होता, पण घेणाऱ्याला दिलेला शब्द आहे तो. कागद आम्लरहित, सुती घे. आणि किमतीतले नेमके किती रुपये वर्गाला जाणार, ते सोबतच्या चिठ्ठीवर लिही. ‘काही भाग मुलांसाठी’ असलं मोघम अजिबात नको.