मुंबईत पाहुण्यांना एकच बार दाखवायचा असेल तर कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईत येऊन सहाच महिने झालेत, पुढच्या आठवड्यात कॉलेजचे दोन मित्र येतायत, एक टोरांटोहून, एक नाशिकहून. हातात एकच संध्याकाळ, आणि दोघंही तोंडात बोट घालतील असा शहरातला सर्वात भारी बार हवाय.

उत्तर आधीच देऊन टाकतो. एक नाही, दोन. आधी ताजचा हार्बर बार, मग तिथून उठून ताजच्याच पाठीमागे टुलोक रोडवरचं गोकुळ. याच क्रमाने, एकाच संध्याकाळी, पायी. मधलं अंतर दोन-तीन मिनिटांचं आहे. बिलातलं अंतर मात्र असं आहे की हार्बर बारमध्ये एका कॉकटेलला जे लागतं, त्यात मागच्या गल्लीत तिघांचं बऱ्यापैकी भागतं. पाहुण्याला मुंबई समजावून सांगायला मला यापेक्षा सोपी युक्ती सापडलेली नाही.

या उत्तरापर्यंत यायला मला बारा-तेरा वर्षं आणि बरेच फसलेले शनिवार लागले. सुरुवातीला मीही तुमच्यासारखाच ‘सर्वात भारी’ शोधायचो. कुणी आलं की वरळीला फोर सीझन्सच्या 34 व्या मजल्यावरचा एअर हा बार. नजारा खरंच जबरदस्त आहे, खोटं कशाला बोलू. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे टॉवर, खाली मुंग्यांसारख्या गाड्या. पण दहा मिनिटांत फोटो काढून होतात आणि मग लक्षात येतं की इतक्या उंचीवरून सगळी शहरं सारखीच दिसतात. दुबईहून आलेला माझा एक मित्र तिथे उभा राहून म्हणाला, “छान आहे रे, आमच्याकडे अशा चाळीस आहेत.” त्या वाक्याची किंमत त्या दिवशी मी भरली होती, म्हणून ते लक्षात राहिलंय.

मग लोअर परळ. गिरण्यांच्या आवारातले पब. माझे सासरे गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे, होते, 1982 च्या संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा नीट चालू झालीच नाही. तर अशाच एका आवारातल्या पबमध्ये मी बायकोच्या ऑफिसातल्या पाहुण्यांना घेऊन गेलो. भिंतीवर शोभेसाठी जुन्या बॉबिनी लावलेल्या. खिडकीतून गिरणीची धुराची चिमणी दिसत होती. पाहुणीने ओरडून विचारलं, ही चिमणी कसली? आता याचं उत्तर द्यायला निदान पंधरा मिनिटं शांतता हवी. भोंगा, चाळ, बदली कामगार, संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख माणसं घरी बसली, सगळं सांगावं लागतं. आणि डोक्यावरचा स्पीकर असा धडधडत होता की ग्लासातलं पाणी थरथरत होतं. मी कानाशी जाऊन ओरडलो, “फॅक्टरी! जुनी!” तिने मान डोलावली. संपला विषय. तेव्हापासून माझी पहिली अट ठरली: पाहुण्याचा प्रश्न आणि आपलं उत्तर, दोन्ही ऐकू आलं पाहिजे.

दुसरी अट, ती जागा दुसऱ्या कुठल्या शहरात असूच शकणार नाही अशी हवी.

कुलाब्यातली दोन नावं तुम्हाला सगळे सांगतील. लिओपोल्ड, 1871 चं. तिथे 26 नोव्हेंबर 2008 च्या गोळ्यांच्या खुणा जपून ठेवल्यात. मी पाहुण्यांना तिथे नेणं बंद केलं, कारण हातात बिअरचा मग धरून त्या भोकांबरोबर सेल्फी काढणारी माणसं मला बघवत नाहीत. हा माझा स्वभाव झाला, तुम्ही जरूर जा. मोंडेगार मला मनापासून आवडतं, भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं आहेत, आणि एकेका चेहऱ्याकडे बघत दोन बिअर सहज संपतात. पण शनिवारी दाराशी रांग आणि आत कालवा. दुपारी तीनला मोकळे असाल तर मोंडेगार, संध्याकाळी नको.

सूर्यास्तच दाखवायचा असेल तर मरीन ड्राइव्हवर इंटरकॉन्टिनेंटलच्या गच्चीवरचं डोम. एक गंमत सांगतो. गेटवेला सूर्यास्त बघायला दर संध्याकाळी कितीतरी लोक येतात आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहतात. तो समुद्र पूर्वेला आहे! सूर्य त्यांच्या पाठीमागे, ताजच्या आडून केव्हाच गेलेला असतो. तेव्हा हार्बर बारमध्ये सूर्यास्त मिळणार नाही. मिळते ती संध्याकाळी पाचची तिरकी ऊन्हं, लाँचींच्या रांगा, आणि गेटवेच्या पिवळ्या दगडावर हळूहळू उतरत जाणारा रंग. मला तो सूर्यास्तापेक्षा बरा वाटतो, कारण त्याच्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही.

तर पाचच्या सुमाराला हार्बर बार गाठा. पायात बूट हवेत, हाफपँट-चप्पल नको. हॉटेल 1903 चं, बार 1933 चा, आणि शहरातला पहिला परवाना असलेला बार म्हणून ताज तो मिरवतं. तिथलं खास कॉकटेल 1933 च्याच नावाचं आहे. गोष्ट अशी सांगतात की अमेरिकेतली दारूबंदी उठल्या उठल्या एक अमेरिकन नौदल अधिकारी बंदरात उतरला आणि त्याला काहीतरी जोरदार हवं होतं. गोष्ट खरी की बारवाल्यांची, यात पडू नका. पण अमेरिकेतली दारूबंदी 1933 लाच उठली हे खरं, आणि गोकुळात तुम्हाला हा धागा लागणार आहे, म्हणून ती गोष्ट टोरांटोवाल्याच्या कानावर घालून ठेवा.

एकेकच घ्या. दुसरं मागवायचं नाही. ‘एवढ्या लांब आलोय तर’ असं नाशिककर म्हणेल, ऐकायचं नाही. आणि त्याला वाइनही मागवू देऊ नका. सुलाची वाइनरी त्याच्या घराजवळ आहे, तो चव कमी आणि भाव जास्त बघेल आणि संध्याकाळभर तेच ऐकवेल. खिडकीजवळ जागा मिळाली तर त्यांना गेटवेकडे बघू द्या. 1911 ला ब्रिटनचे राजा-राणी आले त्याची आठवण म्हणून कमान बांधायला घेतली, पुरी झाली 1924 ला, आणि 1948 च्या फेब्रुवारीत शेवटची ब्रिटिश पलटण त्याच कमानीतून निघून गेली. चोवीस वर्षं. सांगून बघा, बाहेरून आलेले लोक इथे हमखास गप्प होतात.

बिल आलं की ते जपून ठेवा. चामडी पाकिटात येतं.

आता बाहेर पडून ताजला वळसा घाला. मागच्या रस्त्यावर टॅक्सीवाले, अत्तरवाले, बडेमियाँ कबाबवाल्याच्या शेगडीचा धूर. आणि गोकुळ. इथे कॉलेजची पोरं, फोर्टातले ऑफिस सुटलेले कारकून, बॅगपॅकवाले परदेशी, एकटाच पेपर वाचत बसलेला कुणीतरी म्हातारा, सगळे एकाच छपराखाली. ट्यूबलाइटचा उजेड. सजावट शून्य. नाशिककर दारातच तुमच्याकडे बघेल. बघू द्या.

टोरांटोवाला पहिला प्रश्न विचारेल तो ‘परमिट रूम’ या पाट्यांबद्दल, त्या शहरभर दिसतात. कसलं परमिट? आता सांगायला निवांत वेळ आहे, म्हणून इथे आणलंय. मुंबईत दारूबंदी पहिल्यांदा आली 1 ऑगस्ट 1939 ला. मग 1949 चा कायदा आला आणि 1950 पासून पूर्ण बंदी. मोरारजी देसाईंचा काळ. अमेरिकेने जे 1933 ला सोडून दिलं ते आपण सतरा वर्षांनी घट्ट धरलं. शहर काही प्यायचं थांबलं नाही. वांद्रे, माहीम, धोबीतलावला आंट्यांचे, म्हणजे घरातून चोरून दारू विकणाऱ्या बायकांचे, अड्डे चालू झाले, गूळ आणि नवसागराची हातभट्टी, माप नवटाक आणि पावशेर. बंदी सैल झाली तरी कायदा तसाच राहिला. म्हणजे कागदावर दारू अजूनही बंदच, फक्त परवाना असलेल्याला सूट. म्हणून ‘परमिट’. एक दिवसाचा परवाना विदेशी दारूसाठी पाच रुपये, वर्षाचा शंभर, आयुष्यभराचा हजार. आणि तो देतात कशासाठी? तर आरोग्य टिकवण्यासाठी! माझ्याकडे आजीवन आहे, घरी आलेल्या पाहुण्यांना मी तो लग्नाच्या अल्बमसारखा दाखवतो. जवळच्या वाइन शॉपमध्ये एक दिवसाच्या परवान्याचं पुस्तक असेल तर टोरांटोवाल्याला एक फाडून घेऊन द्या. चुंबकवाल्या गेटवेपेक्षा बरी भेट आहे.

गोकुळात कॉकटेलच्या वाटेला जाऊ नका. क्वार्टर मागवा, म्हणजे 180 मिलीची छोटी बाटली. ओल्ड मंक रम, सोडा, थम्सअप, बर्फ. क्वार्टर टेबलावर येणं हा परमिट रूमचा एक छोटा विधी आहे आणि तो पाहुण्याने जवळून बघावा. वेटर बाटली आधी तुमच्यासमोर धरतो, सील दाखवतो. तुम्ही मान हलवली की झाकणाला एक झटका, कट् कट् कट् असा कड्या तुटल्याचा आवाज. तीन ग्लासांत असं ओततो की माप लावून बघितलं तरी फरक निघणार नाही. सोडा ओतताना ग्लास तिरका. मग रिकामी बाटली उचलून न नेता ती भिंतीच्या कडेला उभी करून ठेवतो. दुसरी आली की तिच्या शेजारी. शेवटी हिशेबाला कुणाच्या स्मरणशक्तीवर विसंबायचं नाही, बाटल्या साक्षीला उभ्या असतात. थोड्याफार फरकाने सगळ्या परमिट रूममध्ये असंच चालतं. दादरला मी जिथे बसतो तिथला वेटर तर मोजतही नाही, लांबूनच भिंतीकडे नजर टाकतो आणि आकडा सांगतो. मूळचा उडुपीकडचा आहे, तुळूत काउंटरवर ओरडतो, मराठीत माझी चौकशी करतो आणि हिंदीत भांडतो. मुंबईच्या परमिट रूम बऱ्याचशा मंगळूर-उडुपीकडच्या शेट्टी मंडळींनी उभ्या केल्यात, हेही सांगा पाहुण्यांना.

चखण्यात मसाला पापड आणि चणे. पोटभर इथे खायचं नाही, पुढे बडेमियाँ आहे.

काही सूचना, कारण मी यातल्या प्रत्येकीवर आपटलोय. कॅलेंडर बघा. एकदा लंडनहून आलेल्या साहेबाला मी फुशारकीने कुलाब्यात घेऊन गेलो आणि शटर खाली. आषाढी एकादशी! ड्राय डे. देव झोपायला जातात म्हणून बार बंद, हे त्याला समजावताना माझी दमछाक झाली. चंद्राच्या तिथीवर दारूचं दुकान बंद होतं हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. दादरला येऊन आम्ही साबुदाणा वडा आणि पीयूष घेतलं. तो अजून मेल करतो तेव्हा पीयूषबद्दल विचारतो, माझ्या बारच्या ज्ञानाबद्दल नाही. गांधी जयंती, 26 जानेवारी, 15 ऑगस्ट तर आहेतच, मतदानाआधीचे 48 तास पण लक्षात ठेवा.

बरोबर कुणाचा धाकटा भाऊ असेल तर बिअर-वाइनला 21 आणि बाकीला 25 पूर्ण लागतात. ताजमध्ये वय विचारलं तर रागावू नका. शुक्रवार-शनिवार टाळा, मंगळवार-बुधवार उत्तम, गोकुळात टेबलही मिळतं आणि बोलणंही ऐकू येतं. आणि गाडी आणू नका. चर्चगेटला टॅक्सी करा, तिथून लोकल. टोरांटोवाल्याला रात्री साडेदहाची थोडी रिकामी लोकल दाखवा, दारातून वारा खाऊ द्या, पण आतल्या बाजूने दांडा धरून.

राहिलं बिल. गोकुळचं बिल बडीशेपेच्या ताटलीत येतं, पातळ कागद. व्हॅट वेगळा दाखवलेला असतो, 2023 मध्ये तो पाचाचा दहा टक्के झाला, त्यावर नाशिककर एक शिवी देईल, देऊ द्या. मग खिशातलं ताजचं बिल काढून त्याच्या शेजारी ठेवा आणि काहीही बोलू नका. मी हे आजवर सहा-सात जणांबरोबर केलंय. पहिल्यांदा सगळे हसतात. मग एकजण तरी विचारतो, “पुन्हा यायचं झालं तर कुठे बसायचं?” माझा दुबईचा मित्र, तोच चाळीसवाला, त्याने उत्तराची वाट न बघता वेटरला हात केला आणि भिंतीशी तिसरी बाटली उभी राहिली.

पावसाळ्यात येणार असतील तर एवढं सांगून ठेवा: ताजसाठी बूट लागतील आणि गोकुळपर्यंत पोचताना ते भिजतील. नवे घालू नका.