वाचकांचे प्रश्न : परदेशी शिकताना बँक आणि फोन

प्रश्न : मुलगी लवकरच शिकायला परदेशी जाते आहे. तिथला नंबर घेतला की आत्ताचा बंद करू, असं तिचं म्हणणं. बँकेचे ओटीपी मात्र याच नंबरवर येतात. काय करावं?

उत्तर : बंद करू देऊ नका. बँकेत नवा नंबर नोंदवायचा म्हटलं तरी पडताळणी बहुधा जुन्याच नंबरवर होते. तो हाताशी नसेल तर शाखेत समक्ष या, असं उत्तर मिळतं. शिवाय बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. मग ओटीपी जातो अनोळखी माणसाकडे.

सर्वांत स्वस्त प्लॅन पुरतो. फक्त तो किती दिवस चालतो आणि रोमिंगवर एसएमएस येतात का, हे कंपनीला विचारा. रिचार्जची तारीख घरातल्या एकाने सांभाळावी. आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी चालू करून घ्या, फोनमधलं डेटा रोमिंग मात्र बंद ठेवा. रोमिंगवर आलेल्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, कॉल उचलला की पडतात. न उचललेल्या कॉलचंही बिल कधी कधी येतं, ते व्हॉइसमेलमुळे: कॉल आधी परदेशातल्या फोनपर्यंत जातो, तिथून वळून परत येतो आणि दोन्ही फेऱ्यांचा आकार लागतो. बहुतेक फोनवर ##००२# डायल केलं की वळवलेले कॉल रद्द होतात.

*#०६# डायल करून बघा. १५ अंकी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) सोबत ३२ अंकी ईआयडी (ई-सिमचा ओळख क्रमांक) दिसला तर फोनमध्ये ई-सिम, म्हणजे कार्डाशिवायचं, फोनमध्येच असलेलं सिम चालतं. आमच्या मते परदेशातला नंबर ई-सिमवर घ्यावा आणि जुनं सिम कार्डच ठेवावं. फोन बिघडला तर कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं. ई-सिम पुन्हा मिळवायला कंपनी कधी कधी त्याच नंबरवर ओटीपी पाठवते! कार्डाला सिम पिन, म्हणजे सिम वापरण्याआधी विचारला जाणारा आकडा, लावायला विसरू नका. बँकेचं अ‍ॅपही निघण्याआधीच सुरू करून घ्या, कारण काही अ‍ॅप नोंदणीच्या वेळी त्या सिमवरून एसएमएस पाठवतात.

प्रश्न : परदेशात बँक खात्याला पत्ता लागतो, घर भाड्याने घ्यायला खातं लागतं, दोन्हीकडे नंबर लागतो. सुरुवात कुठून करायची?

उत्तर : प्रीपेड सिमपासून, त्याला बहुतेक ठिकाणी पासपोर्ट पुरतो. मग विद्यापीठाकडून प्रवेशाचं आणि पत्त्याचं पत्र घ्या, त्यावर विद्यार्थी खातं उघडा. पोस्टपेडची घाई नको.

तोवर वेगवेगळ्या नेटवर्कची (व्हिसा, मास्टरकार्ड अशी) दोन बँक कार्डं जवळ असू द्या, एक पाकिटात, एक खोलीवर. पिन चार अंकी ठेवा. काही एटीएम सहा अंकी घेत नाहीत. मशीनने ‘तुमच्या चलनात पैसे घेऊ का?’ असं विचारलं तर नेहमी स्थानिक चलन निवडा. दुसऱ्या पर्यायात दर मशीनवाला ठरवतो आणि त्यात त्याचा नफा असतो.

फी पाठवताना ८ किंवा ११ अक्षरी स्विफ्ट कोड (बँकेची आंतरराष्ट्रीय ओळख), जिथे चालतो तिथे आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक), आणि संदर्भाच्या रकान्यात विद्यार्थी क्रमांक लिहा. शुल्काचा पर्याय ‘अवर’ (OUR) घ्या, म्हणजे आकार पाठवणाऱ्याकडून घेतला जातो. ‘शेअर्ड’मध्ये मधल्या बँका वाटेतच रक्कम कापू शकतात. थोडी जरी कमी पोहोचली तरी विद्यापीठाच्या खात्यात फी अपुरीच दिसते.