गोंगाट, गजर की कल्लोळ?

प्रश्न असा आहे. सोलापुरातील एका महाविद्यालयीन शिक्षकांनी आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याचे वृत्त सूचनाफलकासाठी लिहिले आणि त्यात ‘प्रेक्षकांच्या गोंगाटात अंतिम सामना पार पडला’ असे वाक्य घातले. ढोल घेऊन बसलेल्या विद्यार्थ्यांना ‘गोंगाट’ हा शब्द झोंबला आणि त्यांनी त्याजागी ‘जल्लोषात’ असा बदल सुचवला. दुसऱ्या एका गटाने दोन्ही शब्द नाकारले. ‘ढोल वाजत होता एवढेच, अ‍ॅटमॉस्फिअर असे काही नव्हतेच,’ असे त्यांचे म्हणणे. तेव्हा या ‘अ‍ॅटमॉस्फिअर’ला मराठीत काय म्हणावे आणि आपला मूळ शब्द चुकला का, असे या शिक्षकांनी विचारले आहे.

शब्द चुकला असे मी म्हणणार नाही. लिहिणारा मैदानाच्या कोणत्या बाजूला बसला होता, हे मात्र त्या शब्दातून कळते. ‘-आट’ने संपणारे आवाजाचे शब्द मराठीत पुष्कळ आहेत आणि त्यांतील सगळेच नावडीचे नाहीत. टाळ्यांचा कडकडाट कोणत्याही कलावंताला हवाच असतो, पाखरांच्या किलबिलाटाला कोणी नावे ठेवत नाही. पण कडकडाटात ‘कडकड’ ऐकू येते आणि किलबिलाटात ‘किलबिल’. म्हणजे कसला आवाज आहे ते शब्दच सांगतो. ‘गोंगाट’ या शब्दातून मात्र कसलाच विशिष्ट आवाज उमटत नाही. पुष्कळ आवाज एकात एक मिसळले असून त्यांतला एकही धड कळत नाही, एवढेच तो सांगतो. न कळणे हा ऐकणाऱ्याचा अनुभव आहे, ओरडणाऱ्याचा नव्हे. म्हणूनच ‘आम्ही काल खूप गोंगाट केला’ असे अभिमानाने कोणी सांगत नाही. गोंगाट नेहमी दुसऱ्यांचा असतो.

याच जातीचा, पण अधिक बोलका शब्द सोलापूरकरांच्या शेजारीच आहे. तुळजापूर इथून तासाभराच्या वाटेवर आहे, आणि देवीचा गोंधळ म्हणजे काय हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. संबळ कडाडतो, तुणतुणे वाजते, दिवटी पेटते, ‘उदे गं अंबे उदे’ चा घोष होतो. त्या घरातल्या माणसांना ती पूजा असते. तोच शब्द भिंतीपलीकडे गेला की ‘काय गोंधळ चालवलाय’ असा होतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांपासून फार लांब गेलेले दिसतात, पण वस्तुतः अंतर केवळ उंबरठ्याचे आहे. फुटबॉलच्या प्रेक्षकांतील वादही पुष्कळसा याच उंबरठ्यावरचा आहे.

‘जल्लोष’ हा शब्द मात्र मी इथे वापरला नसता. जल्लोष आनंदाचा असतो आणि त्याला आधी काहीतरी घडावे लागते: गोल व्हावा लागतो, शेवटची शिट्टी व्हावी लागते. गोलशून्य बरोबरीच्या पहिल्या अर्ध्या तासात प्रेक्षक जो आवाज करतात त्यात आनंदापेक्षा धास्तीच अधिक असते. वृत्तपत्रांनी हा शब्द इतक्या सढळ हाताने वापरला आहे की आता मतमोजणीपासून साखरपुड्यापर्यंत सर्वत्र जल्लोषच होतो, हा भाग वेगळा.

आता ‘ढोल होता, पण अ‍ॅटमॉस्फिअर नव्हते’ असे म्हणणाऱ्यांकडे वळू, कारण खरा मतभेद तिथे आहे आणि मराठीत त्यासाठी दोन वेगळे शब्द तयार आहेत. जगभरच्या फुटबॉलप्रेमींत स्थूलमानाने दोन मते दिसतात. एका पक्षाच्या मते प्रेक्षकांनी संपूर्ण नव्वद मिनिटे गात राहिले पाहिजे. संघ जिंको वा हरो, गाणे थांबता कामा नये. इटली, जर्मनी, अर्जेंटिना अशा देशांत गोलपोस्टमागच्या गॅलरीत हे चित्र दिसते. तिथे एक म्होरक्या कठड्यावर उभा राहतो आणि मैदानाकडे पाठ करून पूर्ण वेळ प्रेक्षकांकडे तोंड करतो. कधी कोणते गाणे, कधी टाळ्या, कधी ढोल, हे तो ठरवतो. सामना त्याला स्वतःला फारसा दिसत नाही. सोलापूरकरांना हे चित्र अपरिचित वाटू नये, कारण मिरवणुकीत लेझमाच्या रांगांसमोर उलट्या पावलांनी चालत, शिट्टीच्या इशाऱ्यावर डाव बदलणारा माणूस आपण दरवर्षी पाहतो. या प्रकाराला मराठीत ‘गजर’ म्हणावे. सर्वांनी मिळून, एकाच शब्दांचा, एका लयीत आणि न थांबता केलेला घोष म्हणजे गजर. नामाचा गजर असतो, टाळमृदंगांचा गजर असतो. सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात तेव्हा ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ असा जो घोष उठतो, तो गजर. काठी पेलणारा दमला की काय, यावर त्याचा चढउतार ठरत नाही.

दुसऱ्या पक्षाला हे पटत नाही. त्यांच्या मते प्रेक्षकांचा आवाज खेळातून उठला पाहिजे. विंगरने चेंडू घेऊन बाजूने धाव घेतली की आसने वाजावीत, कॉर्नर मिळाला की आवाज चढावा, प्रतिस्पर्ध्याने वेळकाढूपणा केला की हुर्यो उडावी, आणि काहीच घडत नसेल तर लोकांनी खुशाल आपसांत बोलत बसावे. इंग्लंडमधील जुन्या पिढीचे प्रेक्षक बहुधा या मताचे असतात, आणि ढोलाविषयीची त्यांची तक्रार आपल्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांसारखीच असते: ढोल मैदानाकडे बघत नाही. या दुसऱ्या प्रकाराला ‘कल्लोळ’ हा शब्द नेमका बसतो, कारण संस्कृतातील ‘कल्लोल’ म्हणजे मोठी लाट. लाट उठते, फुटते, ओसरते. ती सतत उभी राहू शकत नाही. गजर आणि कल्लोळ यांत चांगले-वाईट ठरवण्याचे कारण नाही, पण एकाची अपेक्षा ठेवून दुसरा ऐकला की तो गोंगाटच वाटतो. सूचनाफलकापाशी घडले ते हेच.

या वादाला अलीकडच्या इतिहासाचीही जोड आहे. १९८९ साली शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि तीत अखेरीस ९७ माणसे दगावली. त्यानंतर १९९० च्या टेलर अहवालानुसार इंग्लंडमधील वरच्या दर्जाच्या मैदानांवरील उभे राहण्याच्या गॅलऱ्या जाऊन सर्वत्र खुर्च्या आल्या. सुरक्षितता वाढली, तिकिटेही महागली, आणि उभ्याने खांद्याला खांदा लावून गाणारे लोक विखुरले गेले, अशी खंत तिथे आजही ऐकू येते. नोव्हेंबर २००० मध्ये मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार रॉय कीन याने स्वतःच्याच मैदानावरील प्रेक्षकांना टोला हाणला: काही जण पेये घेतात, कोळंबीचे सँडविच खातात, आणि मैदानात काय चालले आहे हे त्यांना कळत नाही. तेव्हापासून ‘कोळंबी सँडविचवाले’ हा इंग्रजी फुटबॉलच्या भाषेत वाक्प्रचारच झाला. मराठीत याच्या जवळ जाणारा शब्द ‘हौशे-नवशे-गवशे’ मधला तिसरा, असे माझे मत आहे. जर्मनीत मात्र उभ्याच्या गॅलऱ्या टिकल्या. डॉर्टमुंडच्या दक्षिण गॅलरीत सुमारे २५,००० लोक उभे राहतात, तिला ‘पिवळी भिंत’ म्हणतात. इंग्लंडनेही २०२२ पासून सुरक्षित कठडे लावून उभे राहण्यास पुन्हा वाव दिला आहे.

अर्थ लावताना आणखी एक खड्डा टाळावा. युरोपच्या मुख्य भूमीवर प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या तर ती नापसंती असते. आपल्याकडे पडद्यावर नायक अवतरला की पिटातून पडते ती शिट्टी कौतुकाची. माद्रिदच्या सामन्याचे वृत्त देताना ‘प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवल्या’ एवढेच लिहिले, तर सोलापूरचा वाचक नेमका उलटा अर्थ घेईल. तिथे ‘हुर्यो उडवली’ असेच लिहावे.

आणि वाद्यांविषयी बोलायचे तर २०१० च्या दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकाला विसरून चालणार नाही. तिथे प्रेक्षक फुंकत असलेल्या वुवुझेला या लांब प्लास्टिकच्या कर्ण्याला आपल्या वृत्तपत्रांतून कोणी पिपाणी म्हटले, कोणी पुंगी. मला दोन्ही शब्द पटत नाहीत, कारण पिपाणी आणि पुंगी यांवर निदान काही स्वर बदलतात. एकाच स्वरात, दमाला दम लावून येणाऱ्या त्या आवाजाला सोलापूरने पूर्वीच शब्द देऊन ठेवला आहे: भोंगा. गिरण्या चालू होत्या तेव्हा भोंग्यावर या शहराची घड्याळे लागत असत, आणि भोंग्याला कोणी गाणे म्हणत नसे. वुवुझेलाविरुद्धचा आक्षेपही केवळ मोठ्या आवाजाचा नव्हता. त्या एका स्वराखाली चढउतार बुडून जात आणि चेंडू गोलपोस्टला घासून गेला तरी स्टेडियमचा आवाज तोच राहत असे. दक्षिण आफ्रिकेच्या प्रेक्षकांचे उत्तर साधे होते: हा आमच्या मैदानाचा आवाज आहे, पाहुण्यांनी तो ऐकून घ्यावा. फिफाने तेव्हा बंदी घातली नाही. युरोपच्या फुटबॉल संघटनेने मात्र त्याच वर्षी आपल्या स्पर्धांत हे वाद्य आणण्यास मनाई केली. भोंगा म्हणजे गजरही नव्हे आणि कल्लोळही नव्हे, म्हणून दोन्ही पक्ष त्याच्यावर सारखेच रागावले, असे मला वाटते.

उरला तो ‘अ‍ॅटमॉस्फिअर’. ‘वातावरण’ हा शब्द चालतो, पण तो वात अधिक आवरण असा हवेच्या थराचा शब्द आहे. ‘वातावरण चांगले होते’ असे लिहिले की वाचकाला पाऊस पडला नसावा असे वाटण्याचा संभव राहतो. ‘माहोल’ अधिक जवळचा आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थच ‘जे भोवताली आहे ते’ असा होतो, आणि दख्खनी उर्दू ज्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगूच्या बरोबरीने बोलली जाते तिथे तो परका नाही. पण माहोलही भोवतालचाच. तो असतो, माणसाने काही केले नाही तरी असतो.

मराठीचा आपला शब्द यापेक्षा चांगला आहे आणि तो आपण रोज वापरतो: रंग. भजन रंगते, मैफल रंगते, कुस्ती रंगते, गप्पा रंगतात. ‘सामना रंगला’ म्हणताना खेळाडू रंगले की प्रेक्षक, असे कोणी विचारत नाही, कारण रंग दोघांत मिळून चढतो. एकट्याने चढत नाही. याचा पुरावा २०२० साली आपोआप मिळाला. महामारीत बंद पडलेली जर्मनीची बुंडेसलिगा १६ मे रोजी रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली. चेंडूला बसणारी लाथ आणि प्रशिक्षकांच्या हाका घरबसल्या स्पष्ट ऐकू येत होत्या. मग दूरचित्रवाणीवर ध्वनिमुद्रित प्रेक्षकांचा आवाज मिसळण्यात आला. गोलाच्या वेळी तो वाढे, नंतर कमी होई. आवाज होता, गजरही होता, कल्लोळाची नक्कलही होती. तरी सामने रंगले असे म्हणायला जीभ रेटत नव्हती. ढोल होता पण अ‍ॅटमॉस्फिअर नव्हते, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘ढोल वाजला, पण रंग भरला नाही’ असेच म्हणायचे होते, आणि ते वाक्य इंग्रजी शब्दावाचून पूर्ण आहे.

शिक्षकांच्या वाक्यात मला खरे खटकले ते क्रियापद. ‘पार पडला’ हे लग्नकार्याचे आणि संकटाचे क्रियापद आहे. कसेबसे निभावले, सुटलो, असा निःश्वास त्यात असतो, आणि ‘गोंगाटात’च्या शेजारी बसून तो दुप्पट होतो. त्या दिवशी मी मैदानावर नव्हतो, त्यामुळे शब्द त्यांनीच निवडायचा आहे. सामना शेवटपर्यंत थंड राहिला असेल तर ‘ढोलांचा गजर अखंड चालू होता, तरी सामना रंगला नाही’ असे लिहावे. बरोबरीच्या गोलानंतर लोक उठून उभे राहिले असतील तर ‘उत्तरार्धात प्रेक्षकांचा कल्लोळ उठला आणि सामना रंगला’ असे लिहावे. आणि ढोलाच्या अगदी शेजारी बसल्यामुळे त्यांचे कान दुसऱ्या दिवसापर्यंत वाजत राहिले असतील, तर ‘गोंगाट’ हा शब्द त्यांनी अवश्य ठेवावा. मात्र सूचनाफलकावर नव्हे, स्वतःच्या रोजनिशीत.