लॅपटॉप जोडला की स्पीकर घरघरतो, त्यावर

स्पीकर बदलायच्या आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघ. बॅटरीवर आवाज स्वच्छ आला तर स्पीकरचा दोष नाहीच. लॅपटॉप एका सॉकेटवर, स्पीकरला आवाज पुरवणारा साउंड मिक्सर दुसऱ्या. दोघांचं अर्थिंग ऑडिओ केबलमधून जोडलं जातं आणि तो ग्राउंड लूप घूं करत राहतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून ही घरघर 50 किंवा 100 हर्ट्झवर, अगदी खर्जात ऐकू येते. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घे. देवळाच्या सभामंडपात नाटकाला लांबून वायर ओढावी लागते, तिथं हे जमत नाही. मग लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स, म्हणजे ऑडिओ केबलीत जोडायची छोटी पेटी, टाक आणि त्याचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे केबलमधला अर्थचा जोड तोडणारं, बटण दाब. काही मंडळी सरळ मिक्सरची अर्थची पिन काढून टाकतात. घरघर थांबते खरी, पण उद्या आत बिघाड झाला तर झटका माइक धरलेल्या गायकाला बसेल. तसलं काही करू नकोस.

माउस हलवला की किरकिर बदलते? ते प्रकरण वेगळं. कॉम्प्युटरच्या आतला गोंगाट हेडफोनच्या जॅकमधून येतोय. बाहेरचं यूएसबी साउंड कार्ड लावून बघ, बहुधा सुटेल.

आणि प्लग फिरवल्यावर खरखर होत असेल तर ती गोव्याची हवा. मिरामार, कळंगुटकडच्या खारट दमट हवेत जॅक काळवंडतात, पावसाळ्यात तर विचारूच नको. सगळं बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर मार, प्लग चार-पाचदा आतबाहेर कर, सुकू दे. खोबरेल मात्र लावू नकोस. आमच्या वाड्यावर तेही बघितलंय.