बॅलन्सिंग दोनदा करूनही जुनी गाडी 85-90 ला थरथरते, एक्सल बदलायचे का?

तुम्ही लिहिलंय की गाडी 2010 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 1 लाख 10 हजार किमी झालेत, गावात मस्त चालते पण हायवेला 85 च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं, 105 च्या आसपास थोडं कमी होतं, दोनदा बॅलन्सिंग झालंय आणि आता मेकॅनिक म्हणतोय दोन्ही एक्सल (गिअरबॉक्सकडून पुढच्या चाकांना ताकद नेणारे दांडे) बदला. एक्सलला आत्ताच हात लावू देऊ नका. माझ्या 2008 च्या गाडीला अगदी हेच झालं होतं, तीन महिने गॅरेजच्या चकरा मारल्यावर कळलं की दोष टायरमध्ये होता.

पार्ट बदलायच्या आधी थरथर कशाबरोबर येते आणि कशाबरोबर जाते हे बघा, हे तुमचं तुम्हालाच बघता येतं. सपाट सरळ रस्ता, मागेपुढे कोणी नाही असं बघून 90 ला गाडी न्या आणि क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद नुसती पळू द्या. इंजिन बंद करायचं नाही हां, पॉवर स्टिअरिंग जातं आणि ब्रेकही जड होतो. क्लच दाबला, ऍक्सिलरेटरवरचा पाय उचलला की आरपीएम (इंजिनचे फेरे) खाली येतो पण चाकं तेवढीच फिरत असतात, म्हणजे थरथर तशीच राहिली तर इंजिन किंवा त्याला धरणाऱ्या माउंटिंगचा संबंध नाही, चाकाकडेच बघायचं. आणि जर ती फक्त ऍक्सिलरेटर देताना, खास करून चढाला येत असेल आणि पाय उचलला की गायब होत असेल तर मात्र तुमच्या मेकॅनिकचं बरोबर असू शकतं, एक्सलचा गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट झिजला की असंच होतं. चाकाकडचा बाहेरचा जॉइंट गेला तर पूर्ण वळवताना कटकट वाजतं. ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग हलत असेल आणि पेडल पायाखाली धडधडत असेल तर ब्रेक डिस्क बघा. (बोलेरो, सुमो, ओम्नीसारख्या मागच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांत मागे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचा (प्रॉपेलर शाफ्टचा) सांधा, म्हणजे क्रॉसही तपासावा लागतो, तुमच्यात तो प्रकारच नाही.)

तुमच्याकडे एका ठराविक स्पीडला येते आणि पुढे कमी होते, शिवाय स्टिअरिंगला येते, सीटखाली नाही. हे पुढच्या चाकांचं लक्षण. मागच्या चाकाची थरथर बहुतेक सीटला आणि फ्लोअरला जाणवते.

थोड्या ग्रॅमने एवढं काय होतं असं मलाही वाटायचं. पण हिशोब करून बघा, 165/80 आर14 टायर 90 ला सेकंदाला साधारण 13 फेरे मारतो, आणि रिमच्या कडेला 20 ग्रॅमचा फरक असेल तर प्रत्येक फेऱ्याला सव्वादोन किलोच्या आसपासचा हिसका बसतो. स्पीड दुप्पट झाला की हिसका चौपट, म्हणून गावात काहीच कळत नाही.

मग बॅलन्सिंग करूनही का राहतं? कारण मशीन वजन बघतं, टायर गोल आहे का ते बघत नाही, आणि चाक हवेत फिरतं, त्यावर गाडीचा भार नसतो. माझ्या चाकाला दोन्ही बाजूंना शून्य आलं होतं, टायरवाल्याने मला बोलावून दाखवलंही. तरी शिरवळ सोडलं आणि 90 केलं की हातात तीच थरथर. शेवटी एका म्हाताऱ्या पंक्चरवाल्याने गाडी जॅकवर घेतली, चाकासमोर दोन विटा रचल्या, त्यावर खडू धरून टायरला टेकेल न टेकेल असा ठेवला आणि चाक हाताने हळू फिरवलं. बाकी सगळं टायर काळंच राहिलं, फक्त एका जागी वीतभर पांढरी रेघ उठली. तिथे हात फिरवला तर टायरची नक्षीची पट्टी आतून वर आलेली, बोटांना स्पष्ट लागत होती, डोळ्यांना मात्र काही दिसत नव्हतं. आतल्या तारेचा पट्टा रबरापासून सुटलेला. त्या टायरवर मी आईला बसवून तीन महिने हायवेला फिरत होते, आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

तुम्ही हेच करा. मागच्या चाकाला लाकूड किंवा दगड लावा, गाडी न्यूट्रलला, आणि नुसत्या जॅकवर असताना खाली अंग घालू नका. टायर किती जुना तेही बघा: बाजूला DOT अशी अक्षरं असलेल्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, 2315 म्हणजे 2015 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर आहे म्हणून टायर चांगला असं धरू नका, कमी चालणाऱ्या गाडीत रबर आधी म्हातारं होतं.

खडूने काही सापडलं नाही तर पुढची चाकं मागे टाकून ट्रायल मारा. थरथर स्टिअरिंगवरून सीटखाली गेली की चाक किंवा टायर पक्कं, फुकटातली टेस्ट आहे ही. चाक काढलंच आहे तर रिमच्या आतली बाजू बघा, कोकणात जाऊन आला असाल तर लाल माती आत वाळून बसलेली असते आणि ती 20 ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त भरते. हबवर (चाक ज्यावर बसतं त्या भागावर) गंज असेल तर वायर ब्रशने घासा, नाहीतर चाक तिरकं बसतं. नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, एका बाजूने ओळीने नाही. रिम वाकडा (आउट) असेल तर तोही त्याच खडूने कळतो, रिमच्या कडेला धरायचा.

अलाइनमेंटवर (चाकांची दिशा सरळ करण्यावर) मात्र पैसे घालू नका, ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका बाजूने झिजतात, पण अशी थरथर सहसा येत नाही. चाक धरून ठेवणारे सांधे, म्हणजे लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड ढिले असतील तर असलेली थरथर वाढते, तेही गाडी जॅकवर असतानाच चाक हलवून बघा: चाक वर-खाली हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, डावी-उजवीकडे हललं तर टाय रॉड एंड.

खडूने टायर तपासून होईपर्यंत कृपा करून हायवेला नेऊ नका, ती 90 ची क्लचची टेस्टही त्यानंतरच. आणि पट्टी वर आलेली सापडली तर त्याच दिवशी स्पेअर लावा, स्पेअर लहान मापाची असेल तर तिच्यावर 80 लिहिलेलं असतं ते पाळा. चारही टायरचे ते चार आकडे आणि क्लच दाबल्यावर काय झालं ते इथे लिहा, मग एक्सलचं बोलू.